नवी तालिका-संहिता आणि मुळशीची ग्रंथालये

ग्रंथालयात आलेल्या पुस्तकाची नोंद कोणत्या तपशिलांनी करायची आणि ते तपशील कसे लिहायचे, हे तालिका-संहिता ठरवते. भारतातील महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय ग्रंथालयांत दीर्घकाळ चालत आलेली संहिता म्हणजे १९७८ ची ‘एएसीआर-२’, अर्थात अँग्लो-अमेरिकन नियमांची दुसरी आवृत्ती. ती कार्डांच्या कपाटासाठी रचलेली होती. तिच्या जागी ‘रिसोर्स डिस्क्रिप्शन अँड ॲक्सेस’ म्हणजेच ‘आरडीए’ ही संहिता जून २०१० मध्ये आली. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ३१ मार्च २०१३ पासून तिच्यानुसार काम सुरू केले. महाराष्ट्रातील शैक्षणिक ग्रंथालयांत मात्र तिच्याविषयीचा संकोच अजून गेलेला नाही. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हे या प्रश्नाचा विचार करण्यासाठी योग्य ठिकाण आहे. लवळ्याला सिम्बायोसिस आणि फ्लेम ही दोन विद्यापीठे आहेत, पौड-पिरंगुटच्या पट्ट्यात महाविद्यालये आहेत, आणि ज्यावर संशोधन व्हावे असा मुळशी सत्याग्रहासारखा विषय याच मातीतला आहे. या ग्रंथालयांनी नवी संहिता स्वीकारावी, मात्र मराठी पुस्तकांसाठीचे धोरण स्वतः ठरवून स्वीकारावी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिला आक्षेप तालिकेच्या अस्तित्वावरच घेतला जातो. विद्यार्थी गूगलवर शोधतात, तेव्हा तालिकेच्या नियमांची एवढी चिकित्सा कशाला, असे म्हटले जाते. इंग्रजी पाठ्यपुस्तकांपुरता हा आक्षेप काही अंशी पटण्यासारखा आहे. मराठी ग्रंथांच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण विसाव्या शतकातील मराठी पुस्तकांचा फार मोठा भाग इंटरनेटवर मजकुराच्या रूपात नाहीच. तो कपाटांत आहे, आणि त्याच्यापर्यंत नेणारी वाट फक्त तालिकेतून जाते.

मुळशी सत्याग्रहाचेच उदाहरण घ्यावे. टाटा कंपनीच्या जलविद्युत धरणासाठी जमिनी घेण्याविरुद्ध मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. १९२४ पर्यंत तो चढउतारांनी चालला. या विषयावर विनायकराव भुस्कुटे यांचे ‘मुळशी सत्याग्रह’ हे पुस्तक आहे. राजेंद्र व्होरा यांचा मराठी ग्रंथही याच नावाचा आहे. व्होरा यांचा इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये निघाला. त्याचे मुख्य शीर्षक ‘द वर्ल्ड्स फर्स्ट अँटी-डॅम मूव्हमेंट’ असे असून मुळशीचे नाव उपशीर्षकात आहे. नोंद घाईने करताना उपशीर्षक गाळले, तर मुळशीवरचा हा ग्रंथ मुळशी तालुक्यातल्या ग्रंथालयातच ‘मुळशी’ शब्दाने सापडणार नाही. उपशीर्षक जागेवर असले तरी ते रोमन लिपीत आहे. ‘मुळशी’ असे देवनागरीत टंकणाऱ्या विद्यार्थ्याला तो दिसत नाही, आणि रोमनमध्ये टंकणाऱ्याला भुस्कुटे दिसत नाहीत. शिवाय व्होरा यांच्या दोन ग्रंथांचे नाते काय, भाषांतर की त्याच विषयावरचे नवे लेखन, हे जुन्या पद्धतीच्या त्रोटक नोंदीतून कळत नाही.

नव्या संहितेचा गाभा नेमका इथे आहे. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, १९९८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानावर ती उभी आहे. लेखकाची कृती, त्या कृतीचा विशिष्ट भाषेतील पाठ, त्या पाठाची छापील आवृत्ती आणि कपाटातली प्रत या चार गोष्टी ती वेगळ्या ओळखते आणि त्यांच्यातील नाती नोंदवायला लावते. ग्रंथ हातात घेऊन हे नाते ठरवण्याचे काम तालिकाकाराचे. ते एकदा झाले की पुढच्या प्रत्येक वाचकाचा शोध सोपा होतो.

व्यक्तिनामांच्या बाबतीत मराठीला या संहितेची गरज सर्वांत जास्त आहे. मुळशीच्या लढ्यामुळे ‘सेनापती’ ही उपाधी मिळालेले पांडुरंग महादेव बापट (१८८०–१९६७) एखाद्या मुखपृष्ठावर ‘सेनापती बापट’ असतात, दुसऱ्यावर ‘पां. म. बापट’, तिसऱ्यावर पूर्ण नावाने. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले, बालकवी आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी ही नावे मराठी वाचकाला जोडीने ठाऊक असतात, पण ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरला ती सांगावी लागतात. नावाचे एक रूप प्रमाण मानून बाकीची रूपे त्याला जोडण्याचे तत्त्व जुन्या संहितेतही होते, हे मान्य केले पाहिजे. फरक असा की आरडीए व्यक्तीच्या नोंदीला स्वतंत्र महत्त्व देते. जन्म-मृत्यूची वर्षे, स्थळ, व्यवसाय आणि कार्यक्षेत्र हे तपशील त्या नोंदीत स्वतंत्र घरांत बसतात. त्यामुळे एकाच नावाच्या दोन लेखकांची सरमिसळ टळते, आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवणाऱ्या समाजात ती सरमिसळ वारंवार होते.

दुसरा आक्षेप असा की ही संहिता परकी आहे, मराठी ग्रंथांना ती लागू पडत नाही, आणि भारताजवळ तर रंगनाथनांची स्वतःची संहिता आहे. एस. आर. रंगनाथन यांची ‘क्लासिफाइड कॅटलॉग कोड’ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि विचाराच्या काटेकोरपणात ती आजही आदरणीय आहे. परंतु इन्फ्लिबनेटचे ‘सोल’ हे ग्रंथालय-सॉफ्टवेअर असो की न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आणि भारतात सर्वत्र पसरलेले मुक्त सॉफ्टवेअर ‘कोहा’ असो, दोन्ही ‘मार्क २१’ या नोंदरचनेवर चालतात. नोंदींची देवाणघेवाण त्याच रचनेत होते. रंगनाथनांच्या संहितेनुसार एकट्याने केलेली तालिका कितीही शुद्ध असली, तरी ती कोणाशी जुळणार नाही. वाचकाचा वेळ वाचवावा, हा १९३१ मध्ये रंगनाथनांनीच सांगितलेला नियम आज ज्या मार्गाने पाळता येतो, तो मार्ग धरण्यात त्यांचा अनादर नाही.

परकेपणाच्या आक्षेपाला आणखी ठोस उत्तर आहे. मराठीच्या दृष्टीने पाहिले तर जुनी संहिताच अधिक परकी होती. प्रकाशनस्थळ किंवा प्रकाशक ठाऊक नसेल, तर तिच्या वापरामुळे लॅटिन शब्दांची आद्याक्षरे नोंदीत येत. पुण्याच्या जुन्या छापखान्यातून निघालेल्या पत्रकाच्या नोंदीत लॅटिन कशासाठी, हे कोणा विद्यार्थ्याला समजत नसे. आरडीए तालिका करणाऱ्या संस्थेच्या भाषेत ‘प्रकाशनस्थळ अज्ञात’ असे सरळ लिहू देते. संक्षेपांचा सोसही तिने सोडला. जुन्या नियमानुसार तीनपेक्षा अधिक लेखक-संपादक असले, की पहिले नाव ठेवून बाकीची गाळली जात. मराठीत गौरवग्रंथ, चर्चासत्रांचे संग्रह आणि कोश यांना संपादक मंडळे असतात, आणि त्या नियमाने कित्येक संपादकांचे काम तालिकेतून पुसले गेले. नव्या संहितेत सर्व नावे नोंदवण्याची मुभा आहे, आणि प्रत्येकापुढे त्याची भूमिकाही लिहिता येते: संपादक, अनुवादक, प्रस्तावनाकार, चित्रकार. अनुवादाच्या एवढ्या मोठ्या परंपरेच्या भाषेत अनुवादकाला तालिकेत हक्काची जागा मिळणे ही लहान गोष्ट नाही.

शीर्षकपृष्ठावर जसे दिसते तसे उतरवावे, हे आरडीएचे दुसरे महत्त्वाचे तत्त्व. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘गांवांतील’ अशी सानुस्वार रूपे असतात. ती दुरुस्त करून उतरवली, तर ग्रंथाचा ऐतिहासिक चेहरा जातो. न दुरुस्त करता सोडली, तर आजच्या वर्णलेखनाने शोधणाऱ्याला ग्रंथ सापडत नाही. उपाय संहितेतच आहे: शीर्षक मूळ रूपात, आणि मार्कच्या २४६ व्या क्षेत्रात आजच्या लेखनातले पर्यायी शीर्षक. शके वर्षाचेही तसेच. शके १८४३ असे छापलेले असेल तर ते तसेच नोंदवून सोबत १९२१–२२ हे इसवी सन द्यायचे. एवढ्या गोष्टी पाळल्या, की विसाच्या दशकातली सत्याग्रहाची पत्रके शोधणाऱ्याला कालानुक्रमे मिळू लागतात.

तिसरा आक्षेप तज्ज्ञांचा आहे आणि तो सर्वांत बळकट आहे. ‘एएसीआर-२’चे एक संपादक मायकल गोर्मन यांनी २००७ मध्येच आरडीएला जाहीर विरोध केला होता. अमेरिकेच्या तीन राष्ट्रीय ग्रंथालयांनी घेतलेल्या चाचणीनंतर २०११ मध्ये अहवाल आला. जानेवारी २०१३ पूर्वी अंमलबजावणी नको आणि नियमांची भाषा सोपी करा, असे त्यात सांगितले होते. आरडीएचे नियम ज्या ऑनलाइन ‘टूलकिट’मधून मिळतात, त्याची डिसेंबर २०२० मध्ये अधिकृत झालेली नवी रचना तर आणखी अमूर्त आहे. एकट्या ग्रंथपालाने ती वाचून रोजचे काम करावे, ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही. हा आक्षेप नियमांच्या मांडणीवर असल्याने तो जसाच्या तसा मान्य करण्यात अडचण नाही. २०१३ पासून जगभरच्या ग्रंथालयांत रुळलेले निर्णय त्यामुळे चुकीचे ठरत नाहीत. प्रकाशनाचा तपशील २६४ व्या क्षेत्रात देणे, आशय, माध्यम आणि वाहक यांचे प्रकार ३३६, ३३७ व ३३८ या क्षेत्रांत नोंदवणे, व्यक्तींच्या भूमिका लिहिणे, प्रमाण नावे राखणे, हे समजायला कठीण नाही. पंधरा-वीस पानांच्या स्थानिक धोरणपुस्तिकेत ते बसते.

खर्चाचा आक्षेपही याच पुस्तिकेने सुटतो. टूलकिटला वार्षिक वर्गणी पडते आणि तालुक्यातल्या महाविद्यालयाला ती जड आहे, हे खरे. पण मार्क २१ ची सर्व क्षेत्रे आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रशिक्षण-साहित्य विनामूल्य उपलब्ध आहे, कोहाला परवाना-शुल्क नाही, आणि जुन्या नोंदींत नवी क्षेत्रे एकगठ्ठा भरणारे ‘मार्कएडिट’ हे साधनही मोफत मिळते. टूलकिट एखाद्या मोठ्या विद्यापीठाने घ्यावे, पुस्तिका तिथल्या अनुभवी तालिकाकारांनी तयार करावी आणि परिसरातील महाविद्यालयांनी ती वापरावी.

परदेशी नोंदी आयत्या उतरवून घेता येतात, मग स्वतः कष्ट का घ्यावेत, असेही विचारले जाते. लायब्ररी ऑफ काँग्रेस १९६२ पासून आपल्या दिल्ली कार्यालयामार्फत मराठी पुस्तके मिळवत आली आहे आणि तिच्या नोंदी खरोखर उपयोगी आहेत. मात्र त्यांत मराठी शब्दांचे रोमन लिप्यंतर अंत्य अ-कारासह होते, त्यामुळे ‘बापट’ हे नाव ‘बापटा’ असे वाचावे अशा रूपात दिसते. मराठी विद्यार्थी त्या रूपाने कधीच शोधणार नाही. उतरवलेल्या नोंदीला मूळ लिपीसाठी राखलेल्या ८८० व्या क्षेत्रात देवनागरी रूप जोडणे हे काम इथल्याच ग्रंथपालाचे आहे. कोहात देवनागरीचा शोध नीट चालण्यासाठी झेब्रा या शोधयंत्रणेची अनुक्रमणिका ‘आयसीयू’ या युनिकोड-पद्धतीवर लावावी लागते, हेही पुस्तिकेत लिहून ठेवावे.

राहिला मनुष्यबळाचा प्रश्न, आणि तो खरोखरच कठीण आहे. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपाल एकटाच असतो. देवघेव, दाखल नोंदवही, परीक्षेची कामे आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची कागदपत्रे त्याच्याच माथी असतात. नॅकच्या तक्त्यात सॉफ्टवेअरचे नाव, त्याची आवृत्ती, संगणकीकरण पूर्ण की अंशतः आणि ते कोणत्या वर्षी झाले, एवढे विचारले जाते. नोंदी कशा आहेत, हे विचारले जात नाही. त्यामुळे शीर्षक, लेखक, किंमत आणि दाखल क्रमांक भरून संगणकीकरण ‘पूर्ण’ झाल्याचे दाखवणे सोपे पडते. हा दोष ग्रंथपालाचा नसून मोजमापाचा आहे, आणि संस्थाचालकांनी तो ओळखला पाहिजे. जुन्या सगळ्या नोंदी बदलण्याची सक्ती कोणीही करू नये. जुन्या व नव्या पद्धतीच्या नोंदी एकाच तालिकेत सुखाने नांदतात. जगातल्या मोठ्या ग्रंथालयांतही त्या तशाच आहेत. ठरलेल्या दिवसापासून येणारी पुस्तके नव्या पद्धतीने नोंदवावीत, आणि जुन्यांपैकी मराठी लेखकांची नावे व स्थानिक इतिहासाचे ग्रंथ आधी हाती घ्यावेत.

मराठीत या कामाचा पाया आधीच घातलेला आहे. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील मराठी पुस्तकांचा शोध दोन खंडांत घेतला, तोही संगणकाशिवाय. दात्यांच्या सूचीतील लेखकनावे आरडीएच्या पद्धतीने प्रमाणित करून एक सामायिक मराठी नामसंग्रह तयार करणे पुणे परिसरातील ग्रंथालयांना शक्य आहे. प्रत्येकाने काही अक्षरे वाटून घेतली, तरी हे काम आवाक्यात येते. लवळ्याच्या विद्यापीठांनी यात पुढाकार घ्यावा आणि सुरुवात मुळशीपासूनच करावी: सत्याग्रहावरची पुस्तके, पत्रके आणि लेखक यांची नावे, ‘मुळशी पेटा’ आणि ‘मुळशी पेठा’ ही दोन्ही रूपे, आणि धरणाखाली गेलेल्या गावांची नावे. थांबण्यात बचत नाही. जुन्या त्रोटक पद्धतीने आज केलेली प्रत्येक नोंद उद्या दुरुस्तीच्या यादीत जाणार आहे.