आजार डोक्यात, टोचले जांघेत!

परवा देहूरोडच्या बाजारात भाजी घेताना ओळखीच्या एका ताईंनी वाट अडवली. नात्यातल्या तान्ह्या बाळाच्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा दोष निघालेला. डॉक्टर म्हणतात, जांघेतून नळी घालू. ताई चिडून म्हणाल्या, "दुखणं टाळक्यात अन् भोक जांघेला, ही कसली तऱ्हा?"

प्रश्न रास्त आहे. पण धमन्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. देहूरोडला लोकलमध्ये बसावे आणि शिवाजीनगरला उतरावे, तशी बारीक नळी जांघेतून शिरून पोट, छाती, मान ओलांडत मेंदूत पोहोचते. कवटी उघडावी लागत नाही.

तान्ह्या बाळांत असा एक दोष म्हणजे 'व्हेन ऑफ गॅलन'चा. गॅलन हा दुसऱ्या शतकातला वैद्य. यात मेंदूतल्या धमन्या मधल्या केशवाहिन्या सोडून थेट मोठ्या शिरेला जोडलेल्या असतात. रक्त धो धो वाहते आणि इवलेसे हृदय थकून जाते. बाळाला दूध पिताना धाप लागते, घाम येतो. काहींचे डोके भराभर वाढते. मग नळीतून गोंदासारखे औषध सोडून तो चुकीचा जोड बुजवतात. दोष आधी कळला, तर अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवू नयेत.

अवघड आहे ती आत शिरण्याची वाट. नवजात बाळाच्या जांघेतली धमनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद, आणि नळी सव्वा मिलिमीटरच्या पुढे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त सारे पाव लिटर! म्हणून सोनोग्राफीत बघत सुई घालतात, औषधाचा थेंबन्‌थेंब मोजतात. हृदय औषधांवर तग धरत असेल, तर बाळ पाच-सहा महिन्यांचे होईपर्यंत थांबणेही शहाणपणाचे ठरते. तेवढ्यात धमनीही वाढते.

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आणखी एक वाट असते, ती बेंबीची. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. त्या धमनीतून गेले तर पायाची धमनी वाचते. आपल्याकडे बेंबीला हळद, काजळ, राख लावण्याची खोड अजून गेलेली नाही. ती सोडा; नाळ कोरडी आणि स्वच्छ राहू द्या.

मार्च 2023 मध्ये अमेरिकेत बॉस्टनला तर आईच्या पोटातून सुई घालून गर्भातल्या बाळावरच हा उपचार झाला.

हे काम कोणत्याही दवाखान्यात होत नाही. मुंबईचे के.ई.एम. आणि तिरुअनंतपुरमची श्री चित्रा तिरुनल संस्था ही यातली जाणती सार्वजनिक ठिकाणे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

ताईंना मी शेवटी एवढेच सांगितले: नळी काढल्यावर सांगतील तितके तास बाळाचा पाय सरळ ठेवा, कडेवर घेऊ नका. दोन्ही पावलांना हात लावून बघत राहा. एक पाऊल गार लागले किंवा पांढरे-निळे दिसले, तर सकाळची वाट न बघता तिथल्या तिथे नर्सबाईंना उठवा.