भांगेचे पान आणि शासनाची मिटलेली नजर

सर्जापूर रोडवर स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना ‘सेंद्रिय’ या शब्दाची चढी किंमत मोजण्याची आता सवय झाली आहे. पालक आणि गूळ यांच्यापुरते ते ठीक आहे. परंतु हाच शब्द भांगेच्या पानापासून केलेल्या औषधी तेलालाही चिकटतो, तेव्हा हे पान कोणत्या मातीत उगवले आणि ती माती तपासली कोणी, असे अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने विचारणे मला भाग आहे.

उत्तर लाजिरवाणे आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. त्यापासून वेगळी असलेली पाने व बिया त्या व्याख्येत येत नाहीत. बंगळूरच्या एका जामीन प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भांगेविषयी याच मुद्द्याची दखल घेतली. मात्र तेच झाड परवान्यावाचून लावणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास! म्हणजे पान चालते, पेरणी चालत नाही. परिणामी कायदा पाळू इच्छिणाऱ्यालाही रानोमाळ आपोआप उगवलेल्या झाडांकडे वळावे लागते, आणि अशा झाडाचा सातबारा कोठला?

भांगेचे झाड मातीतील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेते. चेर्नोबिलच्या परिसरातील दूषित जमीन शुद्ध करण्यासाठी त्याची लागवड करून पाहिली गेली, ती याच गुणामुळे. आपल्या शेजारचा बेळंदूर तलाव २०१७ आणि २०१८ साली पेटला होता. तशा पाण्यावर वाढलेल्या झाडावर कीटकनाशकाचा एक थेंबही पडला नाही, तरी त्याला शुद्ध कसे म्हणावे?

किडीचेही तेच. मावा, कोळी, फुलोऱ्यात शिरणारी अळी यांवर निंबोळी अर्क, ट्रायकोग्रामासारखे मित्रकीटक, बॅसिलस थुरिंजेन्सिस हे उपाय आहेत. मित्रकीटकांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था याच शहरात हेब्बाळला आहे. हेसरघट्ट्याच्या बागवानी संशोधन संस्थेने कीडनियंत्रणासाठी कडुनिंबाचा साबण तयार केला आहे. परंतु निंबोळी तेल फुलोऱ्यावर कधीपर्यंत फवारावे आणि औषधात त्याचा अंश किती चालेल, हे या पिकाबाबत शेतकऱ्याला सांगणार कोण? (नैसर्गिक ते निर्धोक, हा समज धोत्र्याने केव्हाच खोटा ठरविला आहे.)

‘परवाने दिले तर नियंत्रण सुटेल’, हा आमच्या सेवेतील ठरलेला युक्तिवाद. तो मला मान्य नाही. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात केंद्र शासनाचाच नार्कोटिक्स विभाग अफूच्या एकेका शेताची मोजणी करतो. ब्रिटिश अमदानीत खांडव्याला गांजाची परवानाधारक शेती होती. १८९३ साली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने सरसकट बंदीऐवजी परवाना व कर यांचीच शिफारस केली. आजच्या कायद्याचे कलम १० राज्यांना लागवडीस अनुमती देण्याचा अधिकार देते; उत्तराखंडाने २०१८ मध्ये ०.३ टक्के मादक घटकाच्या मर्यादेत औद्योगिक भांगेच्या लागवडीस परवाना दिला. तेव्हा प्रश्न क्षमतेचा नसून इच्छेचा आहे. बंदी लिहून फाईल बंद करता येते. परवाना दिला की दरवर्षी शेतावर जावे लागते.

कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी औषधी पानासाठी कलम १० खाली मर्यादित परवाने द्यावेत. गट क्रमांकाची नोंद, पेरणीपूर्वी जड धातूंसाठी मातीची तपासणी, फवारणीची वही आणि काढणीनंतर प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळेतील अहवाल या त्याच्या अटी असाव्यात, आणि तो अहवाल बाटलीवरील क्रमांकावरून कोणाही ग्राहकाला पाहता यावा.