लेकीच्या हाती पिस्तूल आणि किल्ली आईच्या कमरेला



जाफराबादहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. या सदराकडे लोणच्याला बुरशी का येते इथपासून जावांच्या रुसव्याफुगव्यांपर्यंत सगळं येतं. पण पिस्तुलाविषयी विचारणारं पत्र हे पहिलंच!

या भगिनीची कॉलेजात जाणारी लेक नेमबाजी शिकते. मामानं घेऊन दिलेलं छर्ऱ्याचं पिस्तूल हातात धरून ती रोज संध्याकाळी माजघरातल्या भिंतीसमोर उभी राहते आणि छर्रा न घालताच चाप ओढते. सासूबाई म्हणतात, "हे खूळ घरात नको." घरात दिराचा पाच वर्षांचा मुलगाही आहे. "लेकीला हो म्हणू की नको म्हणू?" असं त्या विचारतात.

ताई, हो म्हणा. पण काही गोष्टी स्वतः समजून घ्या आणि मगच म्हणा.

लेक करते त्याला कोरडा सराव म्हणतात, आणि ते खूळ नव्हे. छर्ऱ्याच्या पिस्तुलाच्या स्पर्धेत लक्ष्य 10 मीटरवर असतं आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं 11.5 मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं! मुलींनाही 2018 पासून मुलांइतकेच 60 नेम साधावे लागतात, तेही एका हातानं आणि सव्वा तासात. चाप दाबताना बोट जरा जरी झटकलं तरी नेम चुकतो. तो झटका घालवण्यासाठी हा रिकामा सराव. त्यासाठी भिंतीवर लक्ष्य टांगायलाही नको, कोरी भिंत पुरते. जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावाहून रोज शहरातल्या रेंजवर जाणं कुणाला परवडणार? आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. नेमबाजीत असं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. तेव्हा मुलीच्या जातीला हे शोभतं का, हा प्रश्न आता उरला नाही. प्रश्न आहे तो घरातल्या माणसांच्या जिवाचा.

कारण "रिकामंच आहे" असं समजूनच अपघात होतात. छर्रा लहान दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून पहिला नियम असा : पिस्तूल हातात घेतलं की ते उघडून पाहायचं, छर्रा बसतो ती जागा डोळ्यांनी बघायची आणि दुसऱ्या कुणाला तरी दाखवायची. हे काम तुम्ही घ्या. नळीतून आरपार जाणारी रंगीत दोरी मिळते. सराव नसेल तेव्हा ती नळीतच राहू द्या, म्हणजे लांबूनही दिसतं की आत काही नाही.

दुसरं, छर्ऱ्यांची डबी सरावाच्या खोलीत नकोच. ती वेगळ्या कपाटात, कुलपात ठेवावी. पिस्तूल वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे.

तिसरं, भिंत. पलीकडे कुणी झोपतं का, वावरतं का, हे बघा. पत्र्याचा आडोसा, दार, खिडकी, आरसा किंवा देव्हारा यांच्या दिशेला नळी कधीच नको. पक्की, जाड भिंत हवी आणि पिस्तूल रिकामं असलं तरी नळी तिच्याकडेच हवी. सराव चालू असताना दार लावून घ्यावं आणि पोरांना अंगणात पाठवावं.

चौथं जरा यंत्राचं. जुन्या धर्तीचं स्प्रिंगचं पिस्तूल छर्ऱ्याशिवाय उडवलं की आतले भाग बिघडतात. स्पर्धेच्या बऱ्याच पिस्तुलांत कोरड्या सरावाची वेगळी सोय असते. ती आहे का, हे प्रशिक्षकांना विचारा. हवेची नळकांडी असेल तर तीत हवा जबरदस्त दाबानं भरलेली असते. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा ती पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवू नये. तिच्यावर छापलेली मुदतही पाहावी. पुढेमागे लेक .22 च्या काडतुसांच्या पिस्तुलाकडे वळली तर त्याला सरकारी परवाना लागतो, आणि कोरड्या सरावासाठी त्यात खोटी काडतुसं घालावी लागतात. नाहीतर आतली सुई नळीच्या कडेवर आपटून दोन्हींची नासाडी होते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. धोक्याची वेळ सराव चालू असतानाची नव्हे, तो संपल्यानंतरची. सराव आटोपतो, कुणीतरी छर्रा भरून ठेवतं, आणि मग मनात येतं, "आणखी एकदाच!" हात सवयीनं उठतो, चाप ओढला जातो, पण आता पिस्तूल रिकामं नसतं. म्हणून पंधरा-वीस मिनिटं झाली की लेकीनं मोठ्यानं म्हणावं, "आजचा सराव संपला." ते ऐकून तुम्ही किल्ली घेऊन यावं, नळी पाहावी, दोरी घालावी आणि कुलूप लावावं. त्यानंतर त्या दिवशी पुन्हा उघडायचं नाही, पाहुणे बघायला मागोत की मैत्रिणी. रात्री निजण्यापूर्वी गॅसचा कॉक आपण हातानं चाचपतो ना? तसंच हे.

आणि त्या पाच वर्षांच्या बाळाचं? पिस्तूल लपवून भागत नाही. कपाटावरचा खाऊ शोधणाऱ्या पोरांना काय सापडत नाही? त्याला रागावू नका, शिकवा : दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघून यायचं आणि मोठ्यांना सांगायचं. मधूनमधून विचारून घोकून घ्या.

राहता राहिल्या सासूबाई. एक दिवस त्यांना पाटावर बसवा आणि नातीला पिस्तूल उघडून रिकामी नळी दाखवू द्या. वाटल्यास संध्याकाळचं ते बघण्याचं काम त्यांच्याकडेच सोपवा. घरातला नियम मोडू न देण्याच्या बाबतीत सासूबाईंचा हात धरणारं कोण आहे, सांगा बरं!