अनुदान दिले, तपासनीस कोठे आहेत?

एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स या सरकारी कंपन्यांनी १९८१ साली ‘वायुदूत’ स्थापन केली. मोठी विमाने जेथे उतरत नाहीत तेथील जनतेची सोय करणे, हा तिचा हेतू रास्तच होता. परंतु १९ ऑक्टोबर १९८८ रोजी गुवाहाटीजवळ तिचे विमान कोसळून ३४ जण ठार झाले. २३ सप्टेंबर १९८९ रोजी पुण्याहून हैदराबादला निघालेले विमान उजनीच्या जलाशयात कोसळले; ११ जणांचा बळी गेला. तोट्यात बुडालेली ही कंपनी १९९३ साली इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

दिल्लीच्या राज्यकर्त्यांनी यातून कोणता धडा घेतला? २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला–दिल्ली विमानाने ‘उडान’ योजनेचा वाजतगाजत प्रारंभ झाला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३चा अहवाल सांगतो की, पहिल्या तीन फेऱ्यांतील ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी अवघ्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नव्हे. मोजकी विमाने असलेल्या कंपनीत एक विमान नादुरुस्त झाले की उड्डाणे रद्द होतात. ती रद्द होऊ नयेत याचे दडपण अभियंत्यांवर व वैमानिकांवर येते. म्हणूनच स्वतंत्र तपासणी हवी. परंतु संसदीय समितीच्या २०२५च्या अहवालानुसार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातील १,०६३ मंजूर पदांपैकी केवळ ५५३ भरलेली होती!

ही पदे तातडीने भरा, आणि राखीव विमान व दुरुस्तीची सोय असल्याखेरीज कोणत्याही कंपनीला अनुदान देऊ नका. छोट्या गावच्या प्रवाशाचा जीव स्वस्त नाही.