विस्तव मंत्राने पेटतो की मेहनतीने?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, यज्ञात अरणीतून अग्नि काढतात, त्याला देव म्हणून हात जोडतात. आणि लोहार ऐरणीवर विस्तव काढतो, त्याच्या कामाला अडाण्याचा धंदा म्हणतात. हा न्याय कोणत्या तराजूतला, असा आमचा सवाल आहे.

अरणी म्हणजे काय? लाकडावर लाकूड उभे करून दोरीने ताकासारखे घुसळायचे. घासून घासून लाकूड तापते, भुसा धुमसू लागतो. मंत्र न म्हणता घुसळा, विस्तव मिळेल. न घुसळता नुसता मंत्र म्हणत बसा, धूरसुद्धा निघणार नाही. मग देवपण मंत्राला कसे आले?

आता लोहाराची जुनी रीत पाहा. काडेपेटी नव्हती तेव्हा चकमक होती. गारगोटीच्या घावाने पोलादाचा बारीक कीस निघतो, तापून हवेत जळतो, तीच ठिणगी. ती जळक्या चिंधीवर झेलायची. नाहीतर मऊ लोखंडाची बारीक कांब ऐरणीवर धरून, कूस पालटीत, भराभर हातोडा चालवायचा. थंड कांबेचे टोक लाल होते. त्यावर चिंधी पेटवायची, वाळक्या ढलप्या घालायच्या, मग कोळसा; भाता आधी हळू, नंतर जोराने. चकमकीला पाणी दिलेले कडक पोलाद, हातोड्याला मऊ लोखंड, हा भेद लोहाराचे पोर पोथीत नव्हे, भात्यापाशी शिकले.

इ. स. १७९८ साली रम्फर्ड नावाच्या गृहस्थाने लिहिले की, म्युनिक येथे घोडे जुंपून पितळी तोफेत बोथट हत्यार फिरविले, तेव्हा विस्तवावाचून पाण्याला उकळी फुटली. तो शास्त्रज्ञ ठरला, आणि ते योग्यच झाले. आमच्या लोहाराने मात्र लिहून ठेवले नाही. त्याच्या हाती हातोडा होता, लेखणी येऊच दिली नव्हती!

जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मागितले ते हेच: शाळेत मोडी, बाळबोध, हिशेब, त्यांच्याबरोबर शेतकीचे ज्ञान, आणि शाळेला जोडून नमुन्याचे शेत. हात आणि लेखणी यांची फारकत मोडावी, हा त्यातला अर्थ.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. आपल्या धंद्याला आपणच अडाणी म्हणणे सोडा. घरातल्या म्हाताऱ्याला रीत विचारून मुलामुलींनी ती वहीत उतरून घ्यावी, आणि 'लोखंड का तापले?' असे गुरुजींना विचारावे. त्यांनी सांगितले तर उत्तम. न सांगता आले तर त्यांनी भात्यापाशी यावे. तेथे शिकायला सोवळे लागत नाही.