वातानुकूलन कोणाच्या देहाला अनुकूल?

तापन, शीतन आणि वातानुकूलन करणाऱ्या अभियंत्यांची एक संघटना आपल्या देशात आहे. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून तिला ‘इशरे’ म्हणतात. १९८१ साली दिल्लीत ती स्थापन झाली आणि आज मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. शाखांचे काम साधारण ठरलेले असते. तज्ज्ञांचे व्याख्यान, एखाद्या कारखान्याला भेट, अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या शाखा, प्रश्नमंजूषा, नव्या कार्यकारिणीचा पदग्रहण समारंभ. शिवाय ‘अ‍ॅक्रेक्स’ नावाचे मोठे प्रदर्शन संघटना भरवते. आपल्या हळदीकुंकवाशी या मंडळींचा जितका संबंध, तितकाच त्यांच्या व्याख्यानांशी आपला, असे आपण स्त्री-संघटनांनी आजवर धरून चालत आलो.

माझे म्हणणे असे, की हे धरून चालणे आपल्याला महागात पडते आहे. बाईने कचेरीत किती गारठा सोसायचा आणि घरात किती उकाडा सोसायचा, याचे आकडे या व्यवसायाच्या मानकांतून आणि गणितांतून ठरतात. ते आकडे पुढे इमारतीच्या नियमांत जातात, नियमांतून भिंतींत जातात, आणि भिंत उभी राहिली की पन्नास वर्षे हलत नाही. आकडा ठरतो त्या खोलीत आपण नसतो.

आधी गारठ्याचे पाहू. माणसाला सुखद वाटणारे तापमान कोणते, याचे सूत्र डेन्मार्कचे संशोधक फँगर यांनी १९७० साली पुस्तकरूपाने मांडले. त्यात सहा गोष्टी मोजतात: हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांतून येणारी उष्णता, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि शरीर स्वतः निर्माण करते ती उष्णता. सूत्र वरवर पाहता कोणाचाच पक्ष घेत नाही. पण मोजमापाची एकके पाहा. कपड्यांसाठी ‘क्लो’ नावाचे एकक १९४१ साली अमेरिकेत ठरले. एक क्लो म्हणजे ढोबळमानाने पुरुषाच्या एका पूर्ण सुटाची ऊब. शरीराच्या उष्णतेबद्दल २०१५ साली हॉलंडमधील किंग्मा आणि फान मार्केन लिख्टेनबेल्ट या संशोधकांनी दाखवून दिले, की प्रमाण म्हणून धरलेला आकडा चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचा आहे. त्यामुळे बाईच्या शरीरातील उष्णतानिर्मिती ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाऊ शकते. म्हणजे तिला गरजेहून अधिक गार केले जाते.

अमेरिकेतील ‘अ‍ॅशरे’ ही या क्षेत्रातील जगातली सर्वांत वजनदार संघटना. तिची मुळे १८९४ पर्यंत जातात. आपले मानक पुरुष आणि स्त्रिया दोघांवरील अभ्यासांतून आले आहे, असे सांगून तिने हा आक्षेप नाकारला. हॉलंडच्या अभ्यासात १६ तरुणी होत्या, आणि तेवढ्यावरून जगाचा निकाल लावू नये हे खरेच. पण वाद झाला, उत्तर द्यावे लागले, हे महत्त्वाचे. २०१९ साली बर्लिनमध्ये ५४३ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात आढळले, की खोली गरम केली तेव्हा मुलींची गणिताची आणि भाषेची उत्तरे सुधारली. मुलांची थोडी घसरली, पण मुलींच्या सुधारणेपेक्षा कमी प्रमाणात. आपल्याकडे कचेरीत शाल पांघरून बसणाऱ्या बाईला ‘नाजूक’ म्हणून हसतात. पुरुषाला बरे वाटते ते शास्त्र, आणि बाईला सोसवत नाही ती तक्रार. ही विभागणी आपल्या चांगली ओळखीची आहे.

मात्र एवढ्यावर थांबलो तर आपलीही चूक होईल. गारठ्याचा प्रश्न वातानुकूलित कचेरीपर्यंत पोचलेल्या बाईचा आहे. तिच्यामागे ज्या लाखोजणी आहेत, त्यांचा प्रश्न उकाड्याचा आहे. सोलापूरला विड्या वळणारी, मुंबईच्या वस्तीत पोटमाळ्यावर शिलाई मारणारी, भाकऱ्या आणि पोळ्यांच्या ऑर्डरी पुऱ्या करणारी बाई ज्या पत्र्याखाली बसते, तो पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो आणि खालच्या माणसांवर उष्णता फेकत राहतो. साध्या तापमापकात ही उष्णता पुरती दिसत नाही. ती मोजायला काळ्या गोळ्यात बसवलेला तापमापक लागतो. हे साधन अभियंत्यांकडे असते, आपल्याकडे नसते. स्वयंपाकघराचेही तेच. गॅस विझतो म्हणून तिथे पंखा लावायचा नाही, ओट्यासमोर उभे राहायचे, आणि घरात एकच वातानुकूलन यंत्र परवडले तर ते निजायच्या खोलीत किंवा दिवाणखान्यात बसते. घरातले सर्वांत तापणारे काम ज्या खोलीत होते, त्या खोलीचा हिशेब कोणी करत नाही, कारण तिथे ‘फक्त’ बाई असते.

बाईच्या उकाड्याला आणखी पदर आहेत. अंग गार राखायला घाम वाळावा लागतो, आणि घामासाठी पाणी प्यावे लागते. पण कामाच्या जागी मुतारी नसेल तर बाई पाणी पीत नाही. २०११ पासून मुंबईत सार्वजनिक मुताऱ्यांच्या हक्काची मोहीम चालली. ती उन्हाळ्यात जीव वाचवण्याचीही मोहीम होती. रात्री घरातले पुरुष गच्चीवर, ओट्यावर, रस्त्याकडेला झोपू शकतात. बाई सुरक्षिततेसाठी दार लावून आत झोपते. ‘भरपूर पाणी प्या, मोकळ्या हवेत झोपा’ हा सरकारी सल्ला ज्याने लिहिला, त्याच्या डोळ्यांसमोर ती नव्हती.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असे नंतरच्या अभ्यासाने दाखवले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात लाखो माणसे मोकळ्या मैदानावर बसवली गेली आणि १४ जणांचा बळी गेला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. व्यासपीठावर सावली होती. सावली कोणावर धरायची हे अगोदर ठरलेले असते, याचे याहून उघड उदाहरण कोणते?

कायद्याचा आधार शोधायचा तर १९४८ च्या कारखाने कायद्याचे १३ वे कलम होते. भिंती आणि छप्पर अशा साहित्याचे व अशा रचनेचे असावे, की आतले तापमान शक्य तितके कमी राहील, असे त्यात म्हटले होते. पत्र्याच्या शेडविरुद्ध लढायला हे कलम पुरेसे होते. पण आपण ते क्वचितच हाती घेतले. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. तिच्या व्याख्येनुसार वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान २० आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी किमान ४० कामगार असतील तरच तो कारखाना. पोटमाळ्यावरची शिलाई आणि घरातली विडी तेव्हाही या व्याख्येबाहेर होती, आताही आहे.

विज्ञान वेगळे प्रश्न विचारू शकते, याचे पुरावे मात्र आहेत आणि त्यांत स्त्रियांचा हात आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत माणसाला जाणवणाऱ्या तापमानावर मूलभूत प्रयोग झाले, त्यांत मार्गारेट इंगल्स या अभियंतीचा वाटा होता. तरीही अ‍ॅशरेला पहिली स्त्री अध्यक्ष मिळायला २०१० साल उजाडावे लागले. आपल्याकडे माधवी इंद्रगंटी यांनी २००८ साली हैदराबादच्या सदनिकांत जाऊन रहिवाशांनाच विचारले, की तुम्हांला केव्हा बरे वाटते? लोकांना २६ ते ३२ अंशांच्या दरम्यान बरे वाटत होते. त्या वेळची राष्ट्रीय इमारत संहिता मात्र उन्हाळ्यासाठी २३ ते २६ अंश सांगत होती. साडी कशी नेसली यावर तिची ऊब किती बदलते, हेही इंद्रगंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मोजले. एक क्लोच्या सुटाला दिलेले ते उत्तरच होते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने भारतीय हवामानाला आणि सवयींना जुळवून घेणारे गणित तयार केले, आणि २०१६ च्या इमारत संहितेत त्याला स्थान मिळाले. जानेवारी २०२० पासून घरगुती वातानुकूलन यंत्र सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावे, असा नियम आला. माणसांना विचारले की आकडे बदलतात.

मग विचारायचे कोणी आणि कोणाला? इथे मला या अभियंत्यांच्या स्थानिक शाखांची आठवण होते. काहीजणी म्हणतील, ही धंदेवाईक मंडळी. यंत्र विकण्यावर यांचे पोट, ही पत्र्याला चुना लावायला कशी येतील? आक्षेप खोटा नाही. यंत्र खोली गार करते म्हणजे आतली उष्णता बाहेर फेकते, आणि ती ज्या बोळात पडते तिथे भाजीवाली बसलेली असते. अमेरिकेतील फिनिक्स शहरात या यंत्रांच्या उष्णतेने रात्रीचे तापमान काही ठिकाणी एक अंशाहून अधिक वाढते, असे २०१४ च्या अभ्यासात आढळले. तेव्हा ‘सर्वांना एसी’ हे आपल्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. पण छपरातून किती उष्णता आत येते, ती कशाने अडते, हवा कुठून घ्यायची आणि कुठून सोडायची, हे मोजण्याची विद्या याच लोकांकडे आहे. ती विद्या यंत्राच्या विक्रीपुरती राखून ठेवण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो: हा तांत्रिक विषय, आपल्याला त्यातले काय कळते? मैत्रिणींनो, गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध १९८६ च्या सुमारास मुंबईत मोहीम सुरू झाली, तेव्हा हा डॉक्टरांचा विषय आहे असे आपल्याला सांगितले गेले नव्हते का? आपण सुया आणि सोनोग्राफी शिकलो, सोबतीला विचारी डॉक्टर शोधले, आणि १९८८ साली महाराष्ट्रात कायदा झाला. त्या कायद्याचे पुढे काय झाले हा वेगळा विषय. पण तंत्रज्ञानाच्या दारावरची पाटी वाचून आपण परत फिरलो नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली: प्रत्येक शहरातल्या गटाने तिथल्या शाखेला पत्र द्यावे, की येत्या उन्हाळ्यात एक दिवस आपल्या विद्यार्थी-सभासदांना साधनांसह वस्तीत पाठवा. पत्र्याचे घर, अंगणवाडी, शिवणकामाचा गाळा, पोळीभाजी केंद्र आणि एखादे मध्यमवर्गीय स्वयंपाकघर, अशा पाच ठिकाणी दुपारी व रात्री तापमान, आर्द्रता आणि छपराची उष्णता मोजा. पांढरा रंग वा चुना लावलेल्या छपराशी तुलना करा. अहमदाबादच्या महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांमध्ये अशा छपरांचे काम केले आहे आणि तेलंगणाने २०२३ साली त्यासाठी धोरणच आणले. आपण शून्यापासून सुरुवात करत नाही.

दुसरी: मोजणीचे निष्कर्ष शाखेच्या व्याख्यानात मराठीतून मांडले जावेत, आणि तिथे त्या घरांतल्या बाया श्रोत्या म्हणून नव्हे, वक्त्या म्हणून असाव्यात. अंगाची लाही केव्हा होते, पाणी केव्हा पीत नाही, पंखा का बंद ठेवावा लागतो, हे कोणतेच यंत्र सांगत नाही.

तिसरी: प्रशीतन दुरुस्तीच्या प्रशिक्षणात आणि नोकरीत मुलींना जागा हवी. ज्या घरात बाई दिवसभर एकटी असते, तिथे यंत्र दुरुस्त करायला बाई आली तर दोघींचेही भले आहे.

शाखा पहिल्या पत्राला उत्तर देणार नाही, दुसऱ्यालाही कदाचित नाही. तरी आपली वही आजपासून सुरू करता येते. बाजारातला साधा तापमापक भिंतीवर टांगायचा आणि दुपारी दोनला व रात्री दहाला आकडा लिहायचा. शेजारी लिहायचे, की त्या वेळी घरात कोण होते आणि काय करत होते. दहा घरांतल्या एका महिन्याच्या अशा वह्या हातात असल्या, की त्या व्याख्यानाच्या सभागृहात पाहुण्या म्हणून नव्हे, हिशेब मागायला जाता येईल.