सांताची दाढी ओढू द्या!

‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ (१९४७) या नाताळपटातली चिमुकली सुझन सांताची दाढी खरी आहे का, हे चक्क ओढून पाहते. चित्रपट श्रद्धेचा असला, तरी मला हा प्रयोगच मोलाचा वाटतो. अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुलांना सातव्या वर्षाच्या सुमारास सांताचे गुपित आपणहून उमगल्याचे आढळले. मुले बहुतांशी खूश होती. हिरमुसले ते आईवडील! म्हणून मुलाने ‘सांता खरा असतो का?’ असे विचारले, तर थाप मारू नका, दटावूही नका. ‘तुला काय वाटतं?’ असे विचारा. पुरावा पाहून मत बदलण्याचा पहिला धडा मूल इथेच गिरवते.